वॉचमनच्या नखांचा सराव

वॉचमनची नखं कापून झाली. पुढच्या पायांची झाली, मागच्या पायांची झाली आणि ज्याच्यापायी घरात महाभारत झालं ते अंगठ्याचं वाकडं नखही झालं. रक्त आलं नाही. कुणी कुणाला चावलं नाही.

आता वरचा मजकूर विसरून जा. आमच्या घराची अधिकृत भूमिका अशी आहे, की वॉचमनची नखं कधीच कापली गेलेली नाहीत. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हीही हेच सांगायचं. वॉचमन स्वतः समोर असेल तर जरा ठासून सांगायचं.

तर, नखं कापली गेलेली नसताना, एका सकाळी मी बाथरूमच्या दारात आडवा पडलो होतो. डोक्याला बँडेज होतं आणि उजवा हात गळ्यात बांधलेला होता. मला काहीही झालेलं नव्हतं. मी जखमी होतो, एवढंच.

"जखमींनी हसायचं नाही," बाबा म्हणाले.

त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं, गळ्यात शिट्टी होती आणि हातात कुत्र्यांची नखं कापायची ती पकडीसारखी कात्री होती. समोर रबरी चटईवर वॉचमन बसला होता आणि स्टीलच्या ताटलीला फासलेलं चीज इतक्या तन्मयतेने चाटत होता, की ताटली चटईवरून हळूहळू भिंतीकडे सरकत होती. आई खुर्चीत बसली होती, कामावर जायच्या कपड्यांत, मांडीवर प्रथमोपचाराची पेटी घेऊन. प्रथमोपचार हे तिचं खातं होतं. तिने ते मागितलेलं नव्हतं.

बाबांनी वॉचमनचा पंजा हातात घेतला, कात्री एका नखाला नुसती टेकवली आणि म्हणाले, "नख एक. कापलं."

कापलेलं नव्हतं.

"नख दोन. कापलं." तेही नव्हतं. अशी सगळी नखं कापून झाली, म्हणजे झाली नाहीत. मग बाबांनी मान वर करून विचारलं, "जखमीची काय स्थिती?"

"जखमी आळशी आहे," आई घड्याळ बघत म्हणाली, "बाकी ठीक."

"सराव संपला. कामगिरी समाधानकारक."

वॉचमनला बिस्किट मिळालं. मला मिळालं नाही.

हे काय चाललं होतं, ते आता सांगायला हवं. बाबा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. सुरक्षा म्हणजे चोरांपासूनची नव्हे, तिच्यासाठी गेटवर वेगळा माणूस होता. बाबांची सुरक्षा आगीपासून, मशीनमध्ये जाणाऱ्या बोटांपासून, ओल्या फरशीपासून आणि आईच्या मते एकंदरीत आयुष्यापासून. पुठ्ठा, गोंद आणि शाई एका छपराखाली असले की ठिणगी कधी पडेल याचा नेम नसतो, म्हणून दर थोड्या दिवसांनी बाबा शिट्टी वाजवायचे, कर्ण्यातून सांगायचे, "लक्ष द्या. हा सराव आहे," आणि सगळा कारखाना हातातलं काम टाकून बाहेरच्या मोकळ्या जागेत रांगेत येऊन उभा राहायचा. कुणीतरी जखमी व्हायचं, त्याला स्ट्रेचरवरून आणायचे, मग हजेरी, मग चहा-बिस्किटं, मग परत काम.

कर्ण्याशेजारच्या भिंतीवर दोन वाक्यं रंगवलेली होती. वरचं, "लक्ष द्या. हा सराव आहे." खालचं, "लक्ष द्या. हा सराव नाही." बाबा निवृत्त होईपर्यंत वरच्या वाक्याचा रंग बघून बघून उडाला होता. खालचं कालच रंगवल्यासारखं होतं. ते उच्चारायची वेळच आली नाही.

वॉचमन त्याच कारखान्यातला. गेटवरच्या केबिनजवळ पडलेला असायचा म्हणून हे नाव पडलं, बाकी राखण करणं वगैरे त्याच्या स्वभावात नाही. तो घाबरतो. छत्रीला घाबरतो, उघड्या छत्रीला जास्त. वर्तमानपत्राची घडी मोडल्याच्या आवाजाला, तोंडावर पावडर लावलेल्या माणसांना, फुग्यांना आणि स्वतःच्या शिंकेला घाबरतो. शिंकला की मागे वळून बघतो, कुणी केलं म्हणून. जगात एकाच आवाजाला तो घाबरत नव्हता, तो म्हणजे बाबांच्या शिट्टीला. कारण शिट्टी झाली की सगळी माणसं उन्हात येऊन शहाण्यासारखी उभी राहतात, कुणी ओरडत नाही, आणि शेवटी बिस्किटं वाटतात, हे तो पिल्लू असल्यापासून बघत आला होता. बाबा निवृत्त झाले त्या संध्याकाळी तो त्यांच्या मागोमाग गेटाबाहेर पडला आणि थेट आमच्या घरी आला. बाबा म्हणाले, मी आणला नाही, तो आला. आई म्हणाली, तुम्हीही असेच आला होतात.

घरी येऊन त्याला बरीच वर्षं झाली. फिरणं कमी झालं, तशी नखं झिजणंही कमी झालं. फरशीवरून चालला की कुणीतरी टाइप करतंय असा आवाज यायचा. पण खरं दुखणं वेगळं होतं. कुत्र्याच्या पुढच्या पायाला, आतल्या अंगाला, जरा वरती एक अंगठ्यासारखं नख असतं. ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, आणि झिजत नाही म्हणून गोल गोल वाढत जातं. वॉचमनच्या उजव्या पायाचं ते नख आकड्यासारखं वळून पुन्हा पायाकडेच निघालं होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी हात लावताच वॉचमनने टेबलावरचं सगळं सामान, टेबलावरचा स्वतः आणि टेबलामागचा मदतनीस असं तिन्ही खाली आणलं. पायाला हात लावलेला त्याला चालत नाही. का, ते कुणालाच माहीत नाही. विचारायची सोय नाही.

बाई म्हणाल्या, नख अजून थोडं वाढलं की मांसात घुसेल, मग पू, मग ताप, आणि या वयात तो ताप झेपायचा नाही. बाबा म्हणाले, मग भूल देऊन कापा. बाईंनी वॉचमनच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि नळी कानातून काढून गळ्यात टाकली. हृदयाची झडप गळकी होती. भूल देता येईल, पण तो उठेलच असं त्या लिहून देणार नव्हत्या.

"घरी जमतंय का बघा," त्या म्हणाल्या. "ओढाताण करायची नाही. आधी नुसती कात्री दाखवा, खाऊ द्या. मग टेकवा, खाऊ द्या. दमवायचं नाही, दरडावायचं नाही. काळी नखं आहेत, आत जिवंत भाग कुठे सुरू होतो ते दिसणार नाही, तेव्हा पापुद्रा पापुद्रा काढायचा. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबायचं. महिनाअखेर मला दाखवा. नाही जमलं तर मग भूल, दुसरा इलाज नाही."

बाबांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा काहीतरी हललं.

"म्हणजे सराव," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. त्यांना काय कल्पना.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात बाथरूमकडे जाणाऱ्या वाटेवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची फीत लागली. सकाळी शिट्टी वाजायची, बाबा हाताचा कर्णा करून म्हणायचे, "लक्ष द्या. हा सराव आहे," आणि वॉचमन, जो एरवी स्वतःच्या शेपटीचा भरवसा धरत नाही, तो शेपटी हलवत चटईवर जाऊन बसायचा. मला तर धक्काच बसला. पंजा देऊ लागला. कात्री टेकवून घेऊ लागला. मी आपलं सुचवून पाहिलं, की कुत्र्याची नखं कापायला जखमी कशाला लागतो. बाबा म्हणाले, जखमी नसेल तर तो सराव खरा वाटत नाही. माझ्या नोकरीच्या मुलाखती चालू होत्या, म्हणजे मला घरी बराच वेळ होता, म्हणजे मी जखमी. एका मुलाखतीला मी कपाळावर बँडेजच्या चिकटपट्टीचा चौकोन घेऊन गेलो. त्यांनी फार आपुलकीने विचारपूस केली आणि दुसऱ्यालाच घेतलं.

आईची तर सहनशक्ती संपायला आली होती. ती बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसते. तिच्या डोक्यावर मोठा फलक आहे, त्यावर सगळ्या गाड्यांच्या वेळा लिहिल्या आहेत, आणि दिवसभर लोक त्या फलकाखाली उभे राहून तिला गाड्यांच्या वेळा विचारतात. तिथून वैतागून घरी यावं तर घरात नवरा हेल्मेट घालून नखं मोजतोय आणि धड कापत एकही नाही. ती म्हणायची, कापा ना एक तरी, हात लागलाच आहे तर. बाबा म्हणायचे, सरावात खरं काम करायचं नसतं. सराव हा सराव, काम हे काम. दोन्हींची सरमिसळ झाली की माणसं मरतात.

"माणसं कुठून आली यात?" आई विचारायची.

तोवर शिट्टी खाली पोहोचली होती. खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या दिवशी शिट्टी ऐकून दागिन्यांचा डबा आणि गॅसचं पुस्तक घेऊन रस्त्यावर आल्या. बाबांनी खिडकीतून वाकून त्यांना सांगितलं की सराव आहे, आणि त्या किती वेळात खाली पोहोचल्या तेही विचारून घेतलं. वेळ चांगली होती. बाबांनी तसं सांगितल्यावर त्यांचा हुरूप वाढला. पुढे पुढे त्या शिट्टी झाली की खाली न उतरता खिडकीतून मान वर करून विचारायच्या, "सरावाचीच ना हो?" आणि बाबा वरून सांगायचे, "सरावाचीच." मग त्या पुन्हा भाजी चिरायला. खरं की खोटं, या प्रश्नाला बाबांनी उभ्या नोकरीत कधी चुकीचं उत्तर दिलं नाही. त्यांचं म्हणणं, त्या एका उत्तरावर सगळा कारखाना उभा होता. एकदा सरावाला खरं म्हटलं की पुढच्या खऱ्याला लोक सराव समजतात आणि बसून राहतात. आणि एकदा खऱ्याला सराव म्हटलं तर विषयच संपला.

महिना संपत आला. नखाचं टोक कातडीपासून कागदभर अंतरावर होतं. शनिवारी बाबांनी जाहीर केलं, उद्या प्रत्यक्ष काम.

रविवारी सकाळी ते दाढी करून आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. हेल्मेट पुसलेलं होतं. मी जाता जाता त्यांना आरशासमोर ओठ हलवताना पाहिलं होतं, पण मला वाटलं दात बघतायत. शिट्टी झाली. वॉचमन नेहमीसारखा चटईवर जाऊन बसला आणि ताटली कुठे आहे म्हणून बघायला लागला. मी आडवा झालो. आईने पेटी मांडीवर घेतली, या वेळी पेटीत मक्याचं पीठही होतं, चुकून रक्त आलंच तर दाबून धरायला. सगळं जागच्या जागी होतं.

बाबा ताठ उभे राहिले. त्यांनी हाताचा कर्णा केला.

"लक्ष द्या," ते म्हणाले. "हा सराव नाही."

तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. बेंबीपासून निघाला होता. तो कारखानाभर ऐकू जायच्या बेताचा होता आणि आमचं बाथरूम सहा फूट बाय चार फूट आहे. आई नकळत खुर्चीतून उठली. मी, जखमी असून, उठून बसलो. वॉचमनला मराठी येतं की नाही यावर मतभेद आहेत, पण त्याने आमच्या तिघांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं आणि त्याला काय समजायचं ते समजलं. त्याने ताटली उडवली, फीत तोडली, माझ्या पोटावर चारही पाय देऊन तो बाहेरच्या खोलीत गेला आणि दिवाणाखाली शिरला. खालून काकूंचा आवाज आला, त्यांनी विचारलं नाही, त्या थेट रस्त्यावरच पोहोचल्या होत्या. डबा घेऊन.

दिवाण खूप खाली आहे. वॉचमन तिथे कसा मावला हे कोडं आहे, तो तिथून निघेल कसा हे त्याहून मोठं. दुपारी त्याने काही खाल्लं-प्यायलं नाही. त्याचा श्वास दिवाणाखालून ऐकू यायचा, शिट्टीसारखा, त्या गळक्या झडपेचा. बाबा फरशीवर पालथे पडून त्याला हाका मारत होते. संध्याकाळी त्यांनी शेवटचा उपाय म्हणून हळूच शिट्टी वाजवली. वॉचमन आणखी आत सरकला. म्हणजे आता शिट्टीही गेली. जगात न घाबरण्यासारखं त्याच्याजवळ एवढंच होतं.

आईने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी शुक्रवारची भुलेची वेळ देऊन टाकली. आईने फोन ठेवला आणि फरशीवर पालथ्या पडलेल्या नवऱ्याकडे बघत उभी राहिली. ती रागावते तेव्हा आवाज चढवत नाही, खिडकीवरचा आवाज लावते.

"तुम्हाला नखं कापायची आहेत की घोषणा करायची आहे, ते एकदा ठरवा."

"दोन्ही एकच आहे," बाबा फरशीला म्हणाले.

"नाहीये एक."

"खरं काम असताना सराव म्हणणं ही फसवणूक आहे. नियमच आहे तसा."

"कुणाचा नियम?"

"माझा. मीच केला होता."

बाबा उठून बसले, दिवाणाला पाठ लावून. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. मॅनेजर भाषणात म्हणाले होते, की यांच्या काळात कारखान्यात काहीच घडलं नाही, त्यामुळे हे नक्की काय करत होते हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. सगळे हसले. मॅनेजर कौतुकच करत होते. बाबाही हसले, पण सगळ्यांच्या थोडं मागाहून, गाडी चुकलेला माणूस धावतो तसे. त्यानंतर त्या भाषणाचा विषय त्यांनी घरात काढला नव्हता. आताही काढला नाही. म्हणाले एवढंच:

"सगळी नोकरी खोट्या आगी विझवण्यात गेली गं. एकदा काहीतरी खरं हाताशी आलं. ते खरं आहे, एवढंही म्हणायचं नाही?"

"नाही म्हणायचं," आई म्हणाली. "मी याला जन्म दिला तेव्हा भोंगा वाजवला होता का कुणी?"

याला म्हणजे मला. तिने बोट दाखवलं. माझ्या डोक्याला अजून बँडेज होतं, कारण सराव संपल्याचं कुणी जाहीर केलं नव्हतं.

"मला कळवायला हवं होतं," बाबा म्हणाले.

"कळवलं होतं. तुमचा सराव चालू होता."

दिवाणाखालून शिंक आली, आणि मग जरा धडपड, बहुतेक मागे वळून बघण्याची. बाबांनी हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं, त्याच्या कडेवरून बोट फिरवत बसले. आईने आत जाऊन भात लावला.

सोमवारी सकाळी बाबा सहज फिरल्यासारखे दिवाणासमोर आले, कर्णा न करता, अगदी हळू म्हणाले, "लक्ष द्या. हा सराव आहे," आणि एक बिस्किट फरशीवर ठेवून निघून गेले. दुपारी तसंच. संध्याकाळी वॉचमनचं नाक बाहेर आलं. मंगळवारी बाकीचा वॉचमन आला. बुधवारी सराव पुन्हा सुरू झाले, आधी शिट्टीशिवाय, मग शिट्टी तोंडात धरून न वाजवता, मग वाजवून. मी विनातक्रार जखमी होत होतो. आईने डेपोत उशिरा येईन म्हणून सांगून ठेवलं होतं. ती खुर्चीत बसायची आणि घड्याळाकडे बघायची नाही.

गुरुवारी सकाळी बाबांनी दाढी केली नव्हती. शर्ट कालचाच होता. शिट्टी झाली, वॉचमन येऊन बसला, ताटली सरकायला लागली, मी आडवा झालो. बाबांनी पंजा हातात घेतला. कात्री त्या वाकड्या नखाच्या टोकाला लावली. मी फरशीच्या पातळीवर होतो, मला त्यांच्या बोटांशिवाय काही दिसत नव्हतं, पण त्या बोटांवरून मला कळलं की आज टेकवायची नाही, दाबायची आहे. मी छताकडे बघायला लागलो आणि जांभई दिली. जखमी म्हणून आजवरचं ते माझं सर्वोत्तम काम होतं.

तेवढ्यात खालून काकूंची हाक आली. रविवारपासून त्यांचा भरवसा उडाला होता. त्या जिन्यात उभ्या असाव्यात, डबा घेऊनच.

"सरावाचीच ना हो? की खरी आहे?"

वॉचमनची जीभ थांबली. कान उभे राहिले. तो ताटलीवरून मान वळवून बाबांच्या तोंडाकडे बघायला लागला.

आईने पेटीच्या झाकणावर हात दाबून धरला होता. ती त्यांना काहीही खुणावत नव्हती. मी बँडेजच्या कडेखालून पाहिलं तेव्हा बाबांनी कात्री नखाला तशीच लावून धरली होती.

"अहो, काय ते सांगा की," काकू म्हणाल्या. "खरी असेल तर मी कुकर बंद करून येते."

"सरावाचीच," बाबा म्हणाले.

त्यांचा आवाज रोजचा होता. जराही इकडे नाही की तिकडे नाही. काकूंच्या चपला जिन्यावरून परत गेल्या, वॉचमनने मान वळवली आणि ताटली चाटायला घेतली, आणि बाथरूममध्ये टक् असा आवाज झाला.

एक काळा तुकडा माझ्या नाकासमोर फरशीवर पडला. सूर्यफुलाच्या बीएवढा होता.

वॉचमनने चाटणं थांबवलं नाही. बाबांनी कापलेली जागा वाकून पाहिली, ठिपका नव्हता. टक्. आणखी एक पापुद्रा. पुन्हा पाहिलं. टक्. हेल्मेटखालून घामाची धार त्यांच्या नाकावर आली आणि टोकाशी लोंबकळत राहिली, ती पुसायला हात मोकळा नव्हता. आईने हात लांब करून पदराने ती टिपली आणि पुन्हा पेटी धरून बसली. चौथ्या की पाचव्या पापुद्र्यानंतर बाबांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि कात्री बाजूला घेतली. मधोमध गडद ठिपका आला होता. आकडा गेला होता. पायाची कातडी सबंध होती.

"नख एक," बाबा म्हणाले. "कापलं."

अगदी रोजच्या सुरात. जसं न कापलेल्या नखाला म्हणायचे तसंच. मग दोन, मग तीन, मग मागचे पाय. ताटली भिंतीला लागून थांबली तेव्हा आईने ती पायाने हळूच परत आणून ठेवली. शेवटचं नख झालं. बाबांनी मान वर केली.

"जखमीची काय स्थिती?"

"जखमी बरा आहे," आई म्हणाली.

"सराव संपला," बाबा म्हणाले. मग कात्री खाली ठेवली. "कामगिरी समाधानकारक."

वॉचमनला बिस्किट मिळालं. त्या दिवशी मलाही मिळालं. बाबा बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि दोन्ही हात खिशात घालून राहिले, कारण हात त्यांचं ऐकत नव्हते. आईने नखांचे तुकडे गोळा करून कागदात गुंडाळले आणि कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी, भाजीच्या देठांखाली लपवले. वॉचमन कचरा हुंगतो. पुरावा राहिलेला बरा नाही.

शुक्रवारी आम्ही त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. भुलेचं इंजेक्शन ट्रेमध्ये तयार होतं. बाईंनी वॉचमनच्या पायाकडे लांबूनच पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं, आणि विचारलं, कुणी कापलं हे?

वॉचमन टेबलावर होता. त्याचे कान आमच्याकडे होते.

"कापलेलं नाही," बाबा म्हणाले. "आमचे सराव चालू आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुजोरा दिला. आईकडे पाहिलं, तर आई भिंतीवरचं मांजरीच्या दातांचं चित्र वाचत होती. बाईंनी ट्रे उचलून आत नेला, इंजेक्शन परत कपाटात ठेवल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्या हसत म्हणाल्या, "म्हणजे काहीच घडलं नाही म्हणायचं."

बाबाही हसले. थोडे मागाहून.

घरी येताना वॉचमन पुढे चालत होता. रस्त्यावर त्याच्या पायांचा काहीही आवाज येत नव्हता. बाबा मागून, साखळी सैल धरून, मान खाली घालून तो न येणारा आवाज ऐकत चालले होते. एकदा वाटलं की ते मला काहीतरी सांगणार. त्यांनी वॉचमनकडे पाहिलं आणि नाही सांगितलं. नखं पुन्हा वाढतील, ती पुन्हा कापावी लागतील, आणि प्रत्येक वेळी त्यांना तेच सांगावं लागेल. या माणसाने काय केलं हे त्याला स्वतःच्या घरातसुद्धा कधी मोठ्याने म्हणता येणार नाही.

म्हणून मीच लिहितो. संबंधित खात्यास, ते कुठलं आणि कुठे बसतं हे मला माहीत नाही, नम्र विनंती करण्यात येते की सदर निवृत्त अधिकाऱ्याच्या सेवाकाळात, तसेच तदनंतर राहत्या घरी, जे जे घडलं नाही, त्या सर्वाचा तपशीलवार दाखला, न लागलेल्या आगी, न तुटलेली बोटं आणि न दगावलेला एक कुत्रा यांच्या स्वतंत्र उल्लेखासह, त्यांना देण्यात यावा. दाखला घरपोच द्यावा. देताना तो कृपया मोठ्याने वाचू नये. कुत्रा घरातच असतो.